हुंगी निळी आहे

मानमोडीचा डोंगर चढताना वृषालीने अकराव्यांदा मान वाकवून कॉलरकडे पाहिलं. हुंगी निळी होती.

"चारशे बारा, चारशे तेरा," पुढे चाललेली मनवा मोजत होती. साडेपाच वर्षांच्या या पोरीला घराबाहेर पडलं की पावलं मोजायचं खूळ लागलं होतं. "आजी, तू मधे बोलू नकोस. चुकले तर परत खालपासून यायला लागेल."

"ये की. मी बसते इथं दगडावर, तुझ्या भावाला घेऊन," सुरेखाबाई म्हणाल्या. पाच महिन्यांच्या ओजसला त्यांनी जुन्या लुगड्याच्या झोळीत छातीशी बांधलं होतं. सिझेरियनच्या टाक्यांचं पोट घेऊन सुनेने डोंगरावर पोर उचलायचं नाही, हा त्यांचा कायदा. त्यांच्या तोंडावर मास्क होता, आणि मास्कवरून कानामागे खोचलेला पदर.

"आई, पदर तरी सोडा. हुंगी निळी आहे. चिटपाखरू नाही इथं."

"तुझी हुंगी तुला लखलाभ. माझं नाक साठ वर्षांचं आहे. मी त्याला विचारते."

वृषाली हसली. गेल्या तीन आठवड्यांत ती पुन्हा हसायला लागली होती.

लग्न होऊन ती जुन्नरला आली त्याला सात वर्षं झाली. तेवढ्या काळात ती गोव्याला तीनदा गेली होती, केरळला एकदा, आणि थायलंडची तर तिकिटंसुद्धा काढून झाली होती. पण गच्चीवर कपडे वाळत घालताना रोज समोर दिसणाऱ्या या डोंगरात काय आहे, हे तिने कधी विचारलं नव्हतं. लेणी आहेत म्हणे. असतील.

मग वर्षापूर्वी श्वासताप आला, आणि प्रत्येक घराच्या वाट्याला पाच किलोमीटरचं वर्तुळ आलं. वर्तुळाबाहेर पाऊल पडलं की फोन किंचाळायचा. नवरा, निखिल, चाकणला कंपनीच्या वसतिगृहात अडकला होता. ओजस झाला तो त्याने फोनवरच पाहिला होता. पण वर्तुळातसुद्धा कोण फिरणार? या तापाची रीतच भ्याड होती. माणसाला ताप चढायच्या आधी पाच-सहा दिवस त्याच्या श्वासातून विषाणू बाहेर पडत. उघड्या वाऱ्यावर ते मिनिटांत विरून जात. कोंदट जागेत मात्र चार-चार तास तरंगत राहत, माणूस निघून गेल्यावरही. म्हणजे भीती माणसाची नव्हती, त्याने मागे सोडलेल्या हवेची होती. सहा महिने वृषालीने मनवाला दाराबाहेर सोडलं नव्हतं. पोर खिडकीला नाक लावून बसायची. नंतर नंतर तेही सोडलं तिने. भिंतीकडे तोंड करून झोपायची. त्याचंच वृषालीला जास्त भय वाटायचं.

हुंगी आली आणि घराचं दार उघडलं.

सरकारी कागदावर तिचं नाव लांबलचक होतं, लोकांनी ते दोन अक्षरांवर आणलं. बुचाएवढी चकती. आत बोटाच्या नखाएवढा पंखा, तो हवा ओढून घेतो. हवा एका पातळ पडद्यावरून जाते. उंटाच्या रक्तात काही फार लहान प्रतिपिंडं असतात. तशी या विषाणूला पकडणारी प्रतिपिंडं प्रयोगशाळेत वाढवून त्या पडद्यावर पेरलेली. पडद्याखाली सतत थरथरणारा एक स्फटिक. विषाणू पडद्याला चिकटले की स्फटिकावरचं वजन कणभर वाढतं, थरथर मंदावते आणि दिवा निळ्याचा पिवळा होतो, फारच असले तर लाल. याला दोन मिनिटं लागतात. आणि प्रत्येक हुंगी आपला रंग गावाच्या नकाशावर पाठवते. तुम्ही उभे असाल तिथे एक ठिपका उमटतो आणि तिथेच राहतो. निळा ठिपका असेल तिथे जावं, नसेल तिथे जाऊ नये. साधं आहे.

घरटी एक हुंगी मिळाली होती. वृषालीने सोबतचं माहितीपत्रक तीनदा वाचलं होतं. ती रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाली होती, असल्या गोष्टी अर्धवट वाचणं तिला जमत नसे. पाण्यापासून जपा, उन्हात ठेवू नका, तंबाखू व चुलीच्या धुरापासून दूर ठेवा. तिच्या घरी तंबाखू नव्हती की चूल नव्हती. बाहेर जाताना हुंगी तिच्या कॉलरवर असे. घरी आल्यावर ती ओजसच्या पाळण्याच्या दोरीला टांगलेली, त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर. घरात एकच पहारेकरी असेल तर तो कुठे उभा करायचा, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

आणि मग चौघं निघू लागली. कुकडीच्या काठावरचं कुंड, एक हजार नव्वद पावलं. गावामागची बारव, दोन हजार तीनशे. मनवाने वही केली. प्रत्येक पानावर एक जागा, तिथवरची पावलं आणि एक चित्र. तुळजा लेण्यांपर्यंत रिक्षा केली, म्हणून तिथे 'रिक्षेपासून सहाशे चार'. तिथल्या गोल दालनात खांबांच्या मधोमध उभं राहून मनवाने "ओ" केलं आणि भिंतीने तिला ओ दिली. वर्षभरात पहिल्यांदा पोरगी खदखदून हसली. वृषालीने कॉलर पाहिली, निळी होती. तिने मास्क खाली ओढला आणि लेकीबरोबर ओ केलं, पुन्हा पुन्हा केलं. त्या गार, जुन्या हवेचा तिने छाती भरून श्वास घेतला.

त्याला आज आठ दिवस झाले होते.

इमारतीतल्या बायका आता तिचेच ठिपके बघून बेत ठरवत. "वृषाली, तू जाऊन आलीस ना तुळजाला? मग आम्हीपण जातो," शेजारच्या ढोबळेवहिनी सकाळीच जिन्यात म्हणाल्या होत्या. त्या उद्या निघणार होत्या, दोन मुलं आणि दमेकरी सासऱ्यांना घेऊन.

"आठशे सत्तर! आलं!" मनवा ओरडली.

कातळात कोरलेला ओटा, ओट्यामागे अंधाऱ्या खोल्या. खाली अख्खं जुन्नर पसरलेलं, पलीकडे शिवनेरी. ओट्याच्या टोकाला खाकी सदऱ्यातला, टॉवेलने तोंड बांधलेला एक म्हातारा उठून उभा राहिला. लेण्यांचा पहारेकरी. त्याच्या खिशालाही हुंगी होती.

"या ताई. चार महिन्यांत तुम्ही पहिल्याच," तो लांबूनच म्हणाला. "मी बबन. मामा म्हणतात समदे. आगं बाळे, त्या खोलीत नको जाऊस, मोहोळ हाय वरती."

मनवा धावत त्याच्या बाजूला गेली. वृषाली तिला धरायला मागोमाग. मामा मधमाश्यांचं पोळं दाखवू लागला, पूर्वीचे भिक्षू पावसाळ्याचे चार महिने या खोल्यांत कसे मुक्काम करत ते सांगू लागला. "चार महिने कुठं जायचं न्हाई, असा नेम होता त्यांचा. हे बघा दगडी बाज. निजायला."

"म्हणजे त्यांचंपण वर्तुळ होतं?" मनवाने विचारलं.

"तुझ्यापरीस ल्हान," मामा हसला, आणि हसता हसता त्याची नजर खिशावर गेली.

वृषालीनेही पाहिलं. त्याची हुंगी पिवळी झाली होती.

पुढचं सगळं तिने विचार करायच्या आधीच केलं. मनवाचा दंड धरून तिला मागे ओढलं. "आई, मागे! मागे व्हा! बाळाला झाकून घ्या!" आणि मग मामाकडे वळून, "लाज नाही वाटत? ताप अंगावर घेऊन लेकरांना जवळ बोलावता?"

म्हाताऱ्याने दोन्ही हात वर केले. "ताई, सकाळी सातपासून मी एकला हाय हितं. निळीच हुती."

"खोटं बोलू नका. माझी बघा, माझी निळी आहे!"

"ती दिसतीय मला," मामा हळूच म्हणाला. "म्हणून तर समजंना."

वृषाली तीस-पस्तीस पावलं मागे, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. वारा दरीतून वर येत होता. सगळे नुसते उभे राहिले. ओजसने झोळीत चुळबुळ केली. दहा मिनिटं गेली असतील. मामाने खिसा पुढे ओढून दाखवला. निळी.

"तुम्ही लांब गेला अन् निळी झाली," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आरोप नव्हता, म्हणूनच तो ऐकवेना.

वृषालीने कॉलरवरची हुंगी काढून हातात घेतली. दिवा छान, शांत निळा. पंखा फिरत होता. तिने ती उलटी केली. जाळीवर, जिथून हवा आत जाते तिथे, पिवळट तपकिरी चिकट थर होता. नखाने खरवडला. नाकाशी नेला.

ओव्याचा वास होता.

रोज तिन्हीसांजेला सुरेखाबाई कोळशाचे निखारे घेऊन बसत. त्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं, बाळंतशेपा. पाळण्याखाली धुरी फिरवायची, लेकराला सर्दी होत नाही. थंडी सुरू झाल्यापासून तर दोनदा. घरभर तो उबदार वास. माहितीपत्रकात तंबाखू होती, चूल होती. धुरीचं नाव नव्हतं, आणि धुरी हे औषध आहे हे मानण्यात वृषाली स्वतःच वाढली होती. पण ओव्यात थायमॉल असतं, हे तिने स्वतःच्या हाताने प्रयोगशाळेत काढून पाहिलं होतं! थायमॉलची वाफ प्रथिनांची घडी मोडते. गरम तव्यावर अंड्याचं होतं तसंच काहीसं. वरून लसणाच्या सालांची काजळी. पडद्यावरची प्रतिपिंडं केव्हाच मेली होती. स्फटिक मात्र थरथरत होता. त्याच्यावर काही चिकटतच नव्हतं, म्हणून तो सांगत होता, सगळं ठीक आहे. यंत्राला आपण चालू आहोत एवढंच कळत होतं. आपलं नाक चोंदलंय, हे कळायची सोय कुणी केली नव्हती.

"काय झालं गं?" सुरेखाबाईंनी विचारलं.

वृषालीने सांगितलं. सुरेखाबाई खाली बसल्या. "म्हणजे मी... माझ्या धुरीनं..."

"धुरी तुम्ही दिलीत, आई. पण पाळण्याला हुंगी मी टांगली."

तीन आठवडे. बारव, कुंड, ते गोल दालन. पायाखाली जमीन आहे समजून ती लेकरांना घेऊन हवेवर चालत आली होती. आणि आता मामाच्या खिशाने सांगितलं होतं की चौघांपैकी कुणाच्या तरी श्वासात ते आहे.

कुणाच्या?

"मामा, तुमची हुंगी द्याल? दगडावर ठेवा आणि वाऱ्याच्या बाजूला व्हा. पाया पडते."

"पाया कशाला पडता," म्हणत त्याने हुंगी काढली, कातळावर ठेवली आणि कडेकडेने लांब जाऊन उकिडवा बसला.

एकेकाने दगडाजवळ जायचं, बाकीच्यांनी लांब राहायचं. आधी मनवा. "मेणबत्ती विझवतेस तसं नाही, हळू. मी म्हणेपर्यंत." दोन मिनिटं. फोनवरचे आकडे सरकत होते. निळी. मग ओजसला क्षणभर मनवाजवळ चादरीवर ठेवून सुरेखाबाई. त्यांनी मास्क काढला तो बहुधा वर्षात पहिल्यांदा घराबाहेर. निळी.

उरले दोघं. वृषालीने देवाला एकच गोष्ट मागितली, आणि गुडघ्यांवर बसून हुंगीवर श्वास सोडला.

दोन मिनिटंही लागली नाहीत. पिवळी. मग लाल.

आश्चर्य म्हणजे तिला आधी सुटकाच वाटली. मी आहे, तो नाही. पण ही सुटका फार तर चार श्वास टिकली. दूध पाजताना ती मास्क लावत असे, पत्रकात तसंच लिहिलं होतं. पण परवा पहाटे? पाजता पाजता तिला डोळा लागला होता आणि जाग आली तेव्हा मास्क हनुवटीखाली होता. किती वेळ, ते तिला माहीत नव्हतं.

ती उठली आणि मागे सरकली. एक, दोन, दहा, वीस. पाठीला कोरीव खोलीचं दार लागलं.

"आई, कुठं चाललीस?" मनवा.

"तू तिथंच थांब. आजीजवळ."

"दाबू नकोस ते बटण," सुरेखाबाई एकदम म्हणाल्या. प्रत्येक हुंगीच्या मागे एक कळ होती, वृषालीच्या हातातल्या हुंगीलाही. ती दाबली की गाडी येई आणि लाल माणसाला एकवीस दिवस घेऊन जाई. "ऐक माझं. घरी जाऊ. तू मागच्या खोलीत राहा, मी ताट सरकवीन दाराखालून. निखिल शुक्रवारी यायचाय. घर निळं आहे म्हणून सुट्टी मिळालीय त्याला. आणि हे एवढंसं अंगावर पितंय. एकवीस दिवस काय पाजू याला मी?"

वृषालीलाही तेच हवं होतं. कळीवर ठेवलेला तिचा अंगठा उचलायला निमित्तच शोधत होता. मागची खोली. दाराची फट. कुणाला कळणार?

मग तिला फोनवरचा नकाशा दिसला. तुळजा लेण्यांवर चार निळे ठिपके. चारही तिचे. त्या दालनात तिला ताप देऊन गेलेलं कुणीतरी या गावातच होतं, कदाचित पुन्हा तिथे जाणारं, आणि उद्या ढोबळेवहिनी तिच्या ठिपक्यांवर पाय ठेवून तिथे जाणार होत्या. दोन पोरं. दमेकरी म्हातारा. माझ्यावर विश्वास ठेवून.

"आई, तुम्ही पदर सोडला नाहीत म्हणून वाचलात," ती म्हणाली. "त्यांना कोण सांगेल पदर सोडू नका म्हणून?"

तिने कळ दाबली.

फोन लगेच वाजला. आरोग्य केंद्रातली एक मुलगी, आवाजावरून पंचविशीची. नाव, ठिकाण, किती जण. वृषालीने सगळं सांगितलं. "आणि ताई, माझ्या हुंगीचे गेल्या तीन आठवड्यांचे ठिपके पुसा. सगळे. ते खोटे आहेत. पाळण्याच्या दोरीला होती हुंगी. रोजची धुरी लागली तिला."

पलीकडे टायपिंगचा आवाज थांबला.

"हॅलो?"

"हो, आहे," ती मुलगी म्हणाली. "ताई, माझं बाळ चार महिन्यांचं आहे. आमचीपण पाळण्यालाच असते." मग आवाज उतरवून, "सगळ्यांचीच असते हो."

वृषालीने खाली पाहिलं. सकाळच्या उन्हात जुन्नर कसं नीटनेटकं दिसत होतं. गच्च्या, टाक्या, वाळत घातलेली दुपटी. नकाशावर त्या सगळ्या छपरांवर निळे ठिपके होते. यातले किती डोळस, किती आंधळे? दर दुपट्यामागे एक पाळणा.

"मी वरिष्ठांना कळवते," मुलगी घाईने म्हणाली. "गाडी पाऊण तासात येईल. तुम्ही हलू नका." आणि तिने फोन ठेवला, बहुधा आपल्या घरी फोन करायला.

मामाची हुंगी अजून लाल होती. पडदा झटकून पुन्हा निळा व्हायला दहा मिनिटं लागतात, तो म्हणाला. दहा मिनिटं ओजसचा श्वास कुणाला विचारता येणार नव्हता. आणि नेमका तेव्हाच तो रडायला लागला. भुकेची वेळ झाली होती. पहिल्या टाहोबरोबर वृषालीला पान्हा फुटला; कुर्ता ओला झाला, छाती दुखू लागली, आणि पावलं आपोआप दाराबाहेर पडली. तिने दाराची कोरीव चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"गप रे राजा, गप," सुरेखाबाई त्याला हलवत होत्या. त्यांनी करंगळी चोखायला दिली. शेवटी तो हुंदके देत शांत झाला.

हुंगी निळी झाली. सुरेखाबाईंनी ती ओजसच्या नाकापुढे धरली. वृषाली आकडे मोजू लागली. एवढंसं बाळ, एवढासा श्वास. इतक्या लांबून तिला हुंगी म्हणजे चिमटीत धरलेला एक ठिपका दिसत होती, रंग दिसत नव्हता. साठ. नव्वद. एकशे वीस. तिने आणखी वीस मोजले.

सुरेखाबाई मनवाच्या कानाशी वाकल्या. मग मनवा ओरडली,

"आई, निळी!"

वृषालीच्या हातातून चौकट सुटली. पण लगेच आतून ती दुसरी बाई जागी झाली, जी वर्षभर कुणावर विश्वास न ठेवता जगली होती. आजी कानात काय बोलली?

"मनू, तू बघून सांगतेस की आजीने सांगायला सांगितलं?"

"बघून!"

"दाखव. वर धर."

मनवाने हुंगी डोक्यावर धरली. ऊन तिच्यावर पडलं आणि ती नुसतीच लकाकली. पांढरी. वृषालीने डोळे बारीक केले, हाताचा आडोसा केला. पांढरीच. चार पावलं पुढे गेलं तर दिसेल. फार तर सहा. वारा आहे, उघडा डोंगर आहे, सहा पावलांनी काय होतंय? तिने पाय उचलला.

मनवा तशीच हात वर करून उभी होती. दंड थरथरायला लागला होता, तरी खाली घेत नव्हती.

वृषालीने पाय मागे घेतला.

"बरं, ठेव खाली. निळी आहे," ती म्हणाली. "आपल्यामधे किती पावलं आहेत गं?"

"चालून बघू?"

"नाही! तिथूनच. डोळ्यांनी मोज."

मनवा बोट नाचवत मोजू लागली. आवाज वाऱ्यावर तुटत तुटत येत होता. "...बत्तीस, तेहेतीस, दगड मोजायचा का आई?"

"मोज."

वृषाली खोलीतल्या दगडी बाजेवर बसली. सवयीने तिची मान कॉलरकडे वाकली, मग आठवलं, हुंगी हातातच होती. ती अजूनही निळीच होती. तिने ती कातळावर पालथी घातली आणि लेकीच्या मोजण्याकडे कान लावले.